भागिरथाबाईंचं दुसरं पत्र

शनिवारी सकाळी केंद्राच्या फलकावर नोटीस लागली आणि तिच्याखालचं नाव संघपालनं तीनदा वाचलं. धम्मदीपा संघदीप पडघान, सदस्य सचिव, आढावा समिती. त्याच्या सख्ख्या भावाची मुलगी. शेजारी उभ्या असलेल्या दोघा सहकाऱ्यांनीही ते वाचलं होतं. आडनाव ओळखून ते एकमेकांकडं बघत आत निघून गेले, आणि संघपालला त्यांचं ते बघणंच जास्त लागलं.

टेकडीवरच्या त्या सरकारी रेडिओ केंद्रात त्याची एकतीस वर्षं गेली होती. प्रक्षेपण यंत्र सांभाळणं हे त्याचं काम. आता सरकारनं समिती नेमली होती. ज्या काळात प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्या काळात सरकारनं रेडिओवर खर्च करावा का, हा समितीपुढचा प्रश्न. इथले मराठी कार्यक्रम बंद करावेत, टेकडीवरचा मनोरा उतरवावा, असा प्रस्ताव होता. मंगळवारी मंगरूळपीरला लोकांचं म्हणणं ऐकून घेतलं जाणार होतं.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, त्याच्या वडिलांचा, इंद्रभानचा, नववा स्मृतिदिन. शेलूबाजारपासून आत असलेल्या जांबवाडीच्या घरी सगळे जमले. परित्राण पाठ झाला, भंतेजी भोजन करून निघून गेले, आणि घरची माणसं जेवायला बसली तेव्हा संघपालनं शर्टाच्या खिशातून नोटिशीची प्रत काढून पुतणीच्या ताटाशेजारी ठेवली. धम्मदीपानं ती उचललीसुद्धा नाही. तिला माहीतच होतं की हे होणार.

"मले आधी सांगता आलं असतं तुले," तो म्हणाला.

"नियमात बसत नाही, मोठे बाबा. घरच्याच माणसाची नोकरी त्यात आहे हे मी समितीला लेखी कळवलं होतं. तरी त्यांनी मलाच ठेवलं."

तिनं शांतपणे सांगायला सुरुवात केली. दिल्लीत राहून सहा वर्षं झाली होती, बोलणं शहरी झालं होतं, पण मोठ्या काकासमोर आवाज आपोआप खाली येत होता. तिच्या गटानं चार तालुक्यांत पाहणी केली होती. शंभरातली चार माणसं रेडिओ ऐकत होती, आणि त्यातही निम्मी साठीच्या पुढची. दुसरी गोष्ट तिला आकड्यांहून मोठी वाटत होती. ज्याच्या पैशावर रेडिओ चालतो त्याच्याविरुद्ध तो बोलणार कसा? सरकारनं पोसलेला आवाज सरकारचाच होतो, मग त्याला लोकांचा आवाज म्हणायचं तरी कशाला?

संघपालनं हातातला घास ताटात ठेवला. लहानपणी ही पोर त्याच्या मांडीवर बसून जुन्या ट्रान्झिस्टरची झाकणं उघडायची. तारा जोडताना डागणीचा धूर डोळ्यांत गेला तरी हलायची नाही. तिच्या आजच्या हुशारीत आपलाही थोडा वाटा आहे असं त्याला नेहमी वाटायचं, आणि त्या हुशारीनं आता त्याच्याच मनोऱ्याला हात घातला होता.

त्यानं आधारासाठी बायकोकडं पाहिलं. मंजुषा भाजी वाढत होती. गावातच अंगणवाडी सेविका म्हणून तिनं बावीस वर्षं काढली होती. ती पळी भांड्यात ठेवून म्हणाली की पोरगी बरोबर बोलते आहे.

गेल्या साली सेविकांचा संप झाला होता, ते तिनं एकेक करून सांगितलं. उन्हात त्या अठ्ठावीस दिवस बसल्या होत्या. देवला नावाची त्यांची एक मैत्रीण तिथंच चक्कर येऊन पडली. त्या अठ्ठावीस दिवसांत टेकडीवरच्या रेडिओनं संपाचा एक शब्द काढला नाही. पोषण आहाराच्या योजनेचं कौतुक मात्र रोज सकाळी लागत होतं.

"आन ते यंत्र कोण चालू करत व्हतं? माहाच नवरा," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी सांजच्याले घरी आली का याईच्यासाठी भाकरी टाकत व्हती."

"बातम्या मी नाई करत, मंजुषा. मी फक्त पोचवतो."

"मी तरी कुठं म्हणते का तुमी केल्या. पोचवणाऱ्याले ऐकू येत नाई का?"

घरात इतकी वर्षं न निघालेली गोष्ट अशी सगळ्यांच्या ताटांमध्ये येऊन पडली. संघदीप, धम्मदीपाचा बाप, मंगरूळपीरला शिक्षक होता आणि भांडणापासून चार हात दूर राहणारा माणूस. त्यानं आपल्या मुलीची बाजू घेतली असती तर कोणाला नवल वाटलं नसतं. पण तो भावाकडून बोलला. बाजारात जे विकलं जात नाही ते मोबाईलवर कोण देणार, असं त्यानं लेकीला विचारलं. तुरीवरची अळी, वाशीमचं हवामान, वऱ्हाडी बोलीतली श्रुतिका, यातून कोणत्या कंपनीला काय मिळणार? त्याची शाळासुद्धा सरकारच्याच पैशावर चालते. मग तो वर्गात खोटं शिकवतो असं तिचं म्हणणं आहे का?

धम्मदीपानं ताटाशेजारची नोटीस उचलून तिची घडी घातली. सासू काय म्हणते म्हणून मंजुषानं भागिरथाबाईंकडं पाहिलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या बाई ताटातला शेवटचा घास संपवत होत्या. त्यांना कमी ऐकू यायचं, पण एवढं भांडण ऐकू न येण्याइतकं कमी नव्हतं.

"मंगळवारी मलेही ने तिथं," एवढंच त्या संघपालला म्हणाल्या.

संघपालच्या जिवाला बरं वाटलं. आई काय सांगणार ते त्याला पाठ होतं. घरातल्या सगळ्यांनाच पाठ होतं.

*

मंगळवारी गावातल्या बाबूलालच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर भागिरथाबाई बसल्या आणि त्यांच्या शेजारी कस्तुराबाई. कस्तुराबाई जांबवाडीच्या जुन्या पाटील घराण्यातल्या. वय भागिरथाबाईंएवढंच, एक-दोन वर्षं इकडं तिकडं. दोन्ही डोळ्यांचं दिसणं जवळजवळ गेलेलं, त्यामुळं दिवसभर उशाशी रेडिओ. तो बंद होणार म्हणतात तर मीही येते, असं त्यांनी बाबूलालला कळवलं होतं. दोन म्हाताऱ्या एकाच गावात साठ वर्षं राहिल्या होत्या आणि एका सीटवर पहिल्यांदाच बसल्या होत्या. मंगरूळपीर येईपर्यंत दोघी एकमेकींशी फारसं बोलल्या नाहीत.

मंगल कार्यालयाच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं आली होती. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, पांढऱ्या केसांचे, कोणालाही मध्येच न तोडणारे. धम्मदीपा त्यांच्या डाव्या हाताला कागद घेऊन बसली होती. शिरपूरचा एक दुकानदार बोलला, दोन कीर्तनकार बोलले, एका तरुण शेतकऱ्यानं सांगितलं की त्याला मोबाईलवर सगळं मिळतं आणि हा खर्च थांबवावा. तिनं सगळं नीट उतरवून घेतलं. मग पुकारा झाला, भागिरथाबाई इंद्रभान पडघान, आणि तिनं आजीचं नावही तसंच उतरवून घेतलं.

भागिरथाबाईंना खुर्ची दिली, पण त्या उभ्याच राहिल्या.

त्यांनी सांगितली ती चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तेव्हा ग्रामपंचायतीनं सरकारकडून एक रेडिओ घेतला होता आणि तो चावडीच्या ओट्यावर ठेवला होता. ओट्यावर पाटलांकडचे आणि इतर शेतकरी बसायचे. बौद्धवाड्यातली माणसं खाली, रस्त्यावर. पण डबा सरकारी होता, त्यामुळं खाली बसून ऐकणाऱ्याला उठ म्हणता येत नव्हतं. भागिरथाबाई तेव्हा प्रौढ शिक्षणाच्या वर्गात नुकत्या लिहायला शिकल्या होत्या. त्यांच्या दोन एकरांत तुरीची झाडं उभ्या उभ्या वाळत होती. त्यांनी जन्मातलं पहिलं पत्र लिहिलं ते शेतीच्या कार्यक्रमाला.

तिसऱ्या गुरुवारी रेडिओतल्या माणसानं ते पत्र वाचलं. म्हणाला, जांबवाडी, तालुका मंगरूळपीर, इथून भागिरथाबाई पडघान विचारतात. ओट्यावरचं बोलणं थांबलं. गावात त्यांना तोवर कोणी बाई म्हटलं नव्हतं. रेडिओतल्या माणसाला ओटा कोणता आणि रस्ता कोणता ते दिसत नव्हतं. त्यानं सांगितलं की तो मर रोग आहे, वाळलेली झाडं उपटून जाळा, दोन-तीन वर्षं त्या जागी तूर नको, ज्वारी घ्या. सगळा ओटा कान देऊन ऐकत होता, कारण तूर त्यांचीही वाळत होती. त्यानंतर आठ दिवसांनी पाटलाचा गडी बौद्धवाड्यात आला आणि रस्त्यावर उभं राहून विचारू लागला, भागिरथाबाई, त्यानं ज्वारी म्हटलं का कापूस?

सभागृहात टाळ्या पडल्या. संघपालचे डोळे भरून आले होते. गोष्ट इथंच संपायची. घरात ती नेहमी इथंच संपत आली होती. तो आईला धरायला पुढं झाला, पण भागिरथाबाईंनी त्याला हातानं थांबवलं.

"मंग म्या दुसरं पत्र लिहलं," त्या म्हणाल्या.

संघपाल होता तिथंच उभा राहिला. त्यानं वळून संघदीपकडं पाहिलं. संघदीपनं मान हलवली. त्यालाही ठाऊक नव्हतं.

दुसरं पत्र तुरीचं नव्हतं. त्या उन्हाळ्यात बौद्धवाड्याची विहीर आटली होती आणि गावच्या सरकारी विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते. कोणी तरी वरून पोहऱ्यानं ओतेल तेव्हा घ्यायचं. कधी दुपार होऊन जायची. पोटात संघदीप होता. रेडिओनं आपल्याला बाई म्हटलं, तर तो हेही वाचेल, असं त्यांना वाटलं. विहिरीचं सगळं त्यांनी लिहिलं, खाली नाव घातलं, आणि नवऱ्यालाही न सांगता पत्र टाकलं. मग दर गुरुवारी त्या रस्त्यावर जाऊन बसल्या. अकरा गुरुवार. भुईमुगाची पत्रं आली, कोंबड्यांची आली, त्यांचं आलं नाही. मग त्यांनी जाणं सोडलं.

"म्या कोणालेच नाई सांगतलं," त्या म्हणाल्या. "पोराले तिथंच नोकरी लागली. त्याचं मन कायले मोडा?"

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच विचारलं, "आजी, मग तुमचं मत काय समजायचं? सरकारनं रेडिओला पैसा द्यावा की नाही?"

"पैसा सरकारचा कुठं हाय, साहेब? आमचाच हाय. द्या. ज्याले कोणी इचारत नाई त्याले इचाराले असा एक डबा पाह्यजे. पण तुरीचं पत्र वाचता तसं इहिरीचंही वाचा. ते वाचाचं नसन, तर माह्या नातीचं खरं हाय. बंद करा."

मंजुषा मागच्या रांगेत बसली होती. गेले दोन दिवस ती आपल्या नवऱ्याला हरवायच्या तयारीत होती, आणि आता तिच्या डोळ्यांसमोर रस्त्यावर बसलेली एक गरोदर बाई होती, अकरा गुरुवार. सासूच्या हाताखाली तिनं तीस वर्षं काढली होती. या बाईच्या आत एवढं काही साठलेलं असेल याची तिला कल्पना नव्हती.

अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारायला सांगितलं, तेव्हा भिंतीकडच्या रांगेतून कस्तुराबाई उठल्या. त्यांचा नंबर आलेला नव्हता. बाबूलालच्या खांद्याला धरून त्या चाचपडत पुढं आल्या आणि मंचाकडं नाही, तर जिथून भागिरथाबाईंचा आवाज आला होता तिकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"ते पत्र गेलंच नाई, भागिरथाबाई."

कोणाला काही कळेना. कस्तुराबाईंनी सांगितलं ते फार थोडक्यात सांगितलं. गावचं टपाल तेव्हा त्यांच्या सासऱ्याच्या हाती होतं. पत्रांची पिशवी त्यांच्याच घरातून जायची. पहिलं पत्र वाचलं गेल्यापासून सासरे भागिरथाबाईंच्या पत्रावर नजर ठेवून होते. दुसरं पत्र त्यांनी उघडलं, वाचलं आणि चुलीत घातलं. चुलीपुढं भाकरी थापत बसलेल्या कस्तुराबाईंनी ते पाहिलं. त्या घरात सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायची रीत नव्हती.

"म्या पाह्यलं आन गप बसली," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्सं झाली. आज जीपमधी तुमच्या बाजूले बसली, तरी बोलता आलं नाई."

संघपालला आधी जो विचार आला त्याची त्याला लगेच लाज वाटली. त्याच्या मनात आलं, म्हणजे रेडिओचा दोष नव्हता. तेवढ्यात त्यानं आईकडं पाहिलं. पन्नास वर्षं एका आवाजाबद्दल मनात धरलेला राग आता ठेवायचा कुठं, हे तिला कळत नसावं. ती कस्तुराबाईंकडं बघत होती, रागानं नव्हे. खूप लांबून आलेल्या माणसाकडं बघावं तशी.

"मंग वाचलं असतं का नाई त्याईनं," भागिरथाबाई सावकाश म्हणाल्या, "हे आता कोणालेच समजाचं नाई."

कस्तुराबाईंना उभं राहवत नव्हतं. भागिरथाबाईंनी आपल्यासाठी ठेवलेली खुर्ची त्यांच्याकडं सरकवली आणि बाबूलालला म्हणाल्या, बसव त्याईले. त्यापलीकडं दोघींमध्ये काही झालं नाही. अध्यक्षांनी पाणी मागवलं. मग मघाच्या तरुण शेतकऱ्यानं हात वर केला आणि विचारलं की आधी सांगितलेल्यात भर घातली तर चालेल का. त्याच्यामागं आणखी माणसं उठली. दोन तासांत संपायची ती सुनावणी पाच वाजेपर्यंत चालली.

*

धम्मदीपानं अहवाल पुन्हा पहिल्यापासून लिहिला. त्याला सात आठवडे लागले. शंभरातल्या चार माणसांचा आकडा तिनं काढला नाही, तो खराच होता. पण ती चार माणसं कोण, त्यांना दुसरं कोण विचारतं, यावर एक प्रकरण घातलं. शेवटी लिहिलं की केंद्राचा खर्च सरकारनं करावा, मात्र काय वाचायचं आणि काय नाही हे सरकारी अधिकाऱ्यानं ठरवू नये. ते श्रोत्यांमधून निवडलेल्या मंडळाच्या हाती असावं, आणि आलेलं प्रत्येक पत्र नोंदलं जावं. समितीत दोघांनी विरोध केला. अध्यक्षांनी तिच्या बाजूनं सही केली. मंजूर झालं ते अर्धवट: तीन वर्षांसाठी, आणि कार्यक्रमांचे तास कमी करून. संघपालच्या हाताखालच्या दोन जागा गेल्या. त्याचं त्याला वाईट वाटलं आणि त्यानं ते पुतणीला फोनवर सांगितलंही. तिनं ऐकून घेतलं.

श्रोता मंडळात मंजुषाचं नाव आलं तेव्हा ती नाही म्हणाली होती. सासूनंच तिला पाठवलं.

पौष महिन्यातल्या एका गुरुवारी धम्मदीपा जांबवाडीला आली होती. दुपारी संघपालनं तिला आणि भागिरथाबाईंना टेकडीवर नेलं. इतकं लिहूनही धम्मदीपानं मनोरा जवळून कधी पाहिला नव्हता. मान मागं टाकली तरी त्याचं टोक दिसेना. वर ढग सरकत होते, त्यामुळं मनोराच सरकतो आहे असं वाटत होतं. आतल्या कुंपणाच्या पुढं जाऊ नका, असं संघपालनं बजावलं. मग तो त्यांना बाहेरच्या कुंपणाच्या एका कोपऱ्याशी घेऊन गेला. तिथं तारेचा सांधा गंजून सैल झाला होता.

"आता गप राहा," तो म्हणाला.

वारा पडला होता. आधी नुसती भुंग्यासारखी गुणगुण आली. धम्मदीपा खाली वाकली. गुणगुणीचे शब्द झाले. बारीक, कापरे, पण स्पष्ट शब्द. नमस्कार. मी मंजुषा संघपाल पडघान, जांबवाडी, तालुका मंगरूळपीर. धम्मदीपानं तारेच्या मागं पाहिलं, खांबाच्या मागं पाहिलं, गवत बाजूला केलं. तिथं डबा नव्हता, वायर नव्हती. गंजलेल्या तारेतून तिची मोठी आई बोलत होती.

"हे कसं?" तिनं विचारलं.

"मनोऱ्याची ताकद जवळपासच्या तारेत उतरते. सांधा गंजला असला का तो रेडिओच्या डब्यासारखं काम करते," संघपाल म्हणाला. "एकतीस वर्सं झाली ऐकून राह्यलो. अजूनही अंगावर काटा येते."

त्या क्षणी हाच आवाज सहा तालुक्यांवरून जात होता, आणि कोणाच्या घरात शिरायचं आणि कोणाच्या नाही हे तो विचारत नव्हता. धम्मदीपा गुडघ्यांवर बसली. तारेला हात लावायचं धाडस तिला झालं नाही. मंजुषा सांगत होती की गावच्या अंगणवाडीत तीन महिने पाणी नाही, चार अर्ज दिले, चारही अर्जांच्या तारखा अशा आहेत, आणि कुणाच्या टेबलावर ते पडले आहेत ते ती आता वाचून दाखवणार आहे.

"काय म्हणून राह्यली ते?" भागिरथाबाईंनी विचारलं. त्या काठीवर वाकून कान तारेजवळ नेत होत्या, पण एवढा बारीक आवाज त्यांना येत नव्हता.

धम्मदीपानं तारेकडं कान केला, आणि ऐकलेलं एकेक वाक्य ती मोठ्यानं, आजीला ऐकू जाईल असं म्हणू लागली. अर्जाची पहिली तारीख. दुसरी तारीख. टेकडीवर तिचा आवाज घुमत होता. भागिरथाबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या, आणि ती थोडी थांबली की म्हणत होत्या, "हं, पुढं सांग."